प्रतिसरकार, साताऱ्याचे

(१९४३–४६). ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यातील भूमिगत कार्यकर्त्यांनी ब्रिटिश शासनास पर्याय म्हणून ग्रामीण भागात उभारलेली लोकशासनव्यवस्था. ‘पत्री सरकार’ या नावानेही ती प्रसिद्ध आहे. ‘प्रति’ या शब्दाचा लोकांच्या बोलण्यात अपभ्रंश होऊन हे नाव रूढ झाले, असे काहींचे मत आहे. तर गुन्हेगारांच्या तळपायांवर काठीचे फटके मारण्याच्या शिक्षेस ‘पत्री मारणे’ म्हणत, त्यावरून ते पडले, असे इतर मानतात. शिक्षेची दहशत आणि पर्यायी शासनाची कल्पना या दोन्ही गोष्टी या एका नावात एकत्र आल्या आहेत. विद्यमान सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे मुख्यत्वे या चळवळीचे क्षेत्र होत. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे चळवळीचे प्रमुख भाग आज सांगली जिल्ह्यात मोडतात.

पार्श्वभूमी : साताऱ्याच्या प्रतिसरकारचा उगम केवळ १९४२ च्या घटनांत शोधता येत नाही. ब्रिटिशांनी १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत केले व १८४८ मध्ये दत्तकवारस नामंजूर करून सातारचे राज्य खालसा केले. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी इंग्लंडपर्यंत गेलेले रंगो बापूजी यांचा लढा आणि १८५७ मधील उठावाचा फसलेला प्रयत्न यांच्या स्मृती जिल्ह्यात टिकून होत्या. तथापि विसाव्या शतकातील शेतकऱ्यांच्या जागृतीला अधिक निकटचे कारण सत्यशोधक चळवळ हे होय. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा प्रसार जलशांच्या द्वारे साताऱ्याच्या खेडोपाडी झाला. १९१९–२१ या काळात अनेक गावांतील कुळांनी जमीनदार व सावकार यांच्याविरुद्ध संघटित असहकार केला. सावकार, कुलकर्णी आणि सरकारी कचेरी यांचे परस्परसंबंध सामान्य शेतकऱ्याला या चळवळीमुळे उमगू लागले.

१९३० नंतर ब्राह्मणेतर चळवळीतील तरुण मोठ्या संख्येने काँग्रेसकडे वळले. त्याच वर्षी शिराळा भागातील बिळाशी येथे झालेल्या जंगल सत्याग्रहात शेतकरी स्त्रीपुरुषांनी भाग घेतला. तलाठ्याची नोकरी सोडून राष्ट्रीय चळवळीत उतरलेले नाना पाटील (१९००–७६) हे याच संक्रमणाचे प्रतिनिधी होत. त्यांची रांगडी, दृष्टान्तांनी भरलेली ग्रामीण वक्तृत्वशैली लोकांच्या मनाची पकड घेई. सत्यशोधकी सामाजिक आशय आणि राष्ट्रीय स्वातंत्र्याची आकांक्षा यांचा जो मेळ त्यांच्या भाषणांत आढळे, तोच पुढे प्रतिसरकारच्या कार्यक्रमात उतरला.

या प्रदेशाची राजकीय रचनाही चळवळीस अनुकूल ठरली. ब्रिटिश मुलुखात औंध, सांगली, मिरज, फलटण इ. संस्थानांचे प्रदेश मिसळलेले होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी म. गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली व ग्रामपंचायतींना व्यापक अधिकार सोपविले. औंध संस्थानातील कुंडल हे गाव पुढे प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र बनले. पंचायतीमार्फत गावाचा कारभार पाहण्याचा व तंटे सोडविण्याचा अनुभव या भागात आधीच आलेला होता.

मोर्चांपासून भूमिगत लढ्याकडे : ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबई येथे ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय नेत्यांना अटक झाली. साताऱ्यात या आंदोलनाने तालुक्यांच्या कचेऱ्यांवरील मोर्चांचे रूप घेतले. कचेरीवर तिरंगा फडकावणे आणि सरकारी अधिकाऱ्यांना स्वराज्याची सत्ता मान्य करावयास लावणे, हा त्यांचा हेतू होता. २४ ऑगस्ट रोजी कराड येथे व ३ सप्टेंबर रोजी तासगाव येथे मोठे मोर्चे निघाले. तासगावच्या मोर्चातील लोकांनी कचेरीवर ध्वज लावला. हे मोर्चे नि:शस्त्र होते. मात्र ९ सप्टेंबर रोजी वडूज येथे व १० सप्टेंबर रोजी इस्लामपूर येथे पोलिसांनी गोळीबार केला. वडूज येथे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण, तर इस्लामपूर येथे पंड्या व बारपटे हे हुतात्मे झाले.

या गोळीबारांमुळे उघड सामुदायिक सत्याग्रहाचा मार्ग जवळजवळ बंद झाला. अटक टाळून भूमिगत झालेल्या कार्यकर्त्यांनी प्रथम तारा तोडणे, चावड्या व सरकारी इमारती जाळणे, रेल्वेवाहतुकीत व्यत्यय आणणे यांवर भर दिला. यशवंतराव चव्हाण हे या पहिल्या टप्प्यातील प्रमुख संघटकांपैकी एक होत; १९४३ च्या मे महिन्यात त्यांना अटक झाली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतराव (वसंतदादा) पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे मारले गेले आणि वसंतरावांना गोळी लागून ते पुन्हा पकडले गेले.

केवळ घातपाताने लोकांचा सहभाग टिकत नाही, हे या अनुभवातून स्पष्ट झाले. शिवाय पोलीस आंदोलकांच्या मागे लागल्यामुळे दरोडेखोरांना मोकळे रान मिळाले होते. त्यांतील काही जण चळवळीचेच नाव पुढे करीत. गावाला संरक्षण आणि न्याय देऊ शकणारी पर्यायी सत्ता उभारणे, ही त्यामुळे राजकीय उद्दिष्टाइतकीच व्यावहारिक गरजही बनली. १९४३ च्या मध्यास झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकांतून प्रतिसरकारची कल्पना आकारास आली.

रचना व कार्य : प्रतिसरकारची रचना विकेंद्रित होती. कुंडल, वाळवा, शिराळा, कराड इ. भागांतील गट आपापल्या क्षेत्रात बव्हंशी स्वतंत्रपणे काम करीत आणि महत्त्वाच्या प्रश्नांवर एकत्र येऊन निर्णय घेत. नाना पाटील हे चळवळीचे सर्वमान्य नेते व प्रतीक होते. प्रत्यक्ष संघटनेची धुरा किसन वीर, नागनाथ नायकवडी, जी. डी. (बापू) लाड, नाथाजी लाड, पांडू मास्तर, बर्डे गुरुजी आदी कार्यकर्त्यांनी वाहिली. समाजवादी नेते अच्युत पटवर्धन यांचाही या भागाशी भूमिगत अवस्थेत निकटचा संबंध होता. प्रतिसरकारच्या प्रभावाखालील गावांची संख्या निरनिराळी दिली जाते, सु. दीडशे गावांत त्याचा कारभार चाले, असे सामान्यत: सांगितले जाते.

गावोगावची न्यायदान मंडळे हे या व्यवस्थेचे सर्वांत महत्त्वाचे अंग होते. जमिनीच्या हद्दी, कर्ज, गहाण, वाटण्या, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचे प्रश्न यांसारखी प्रकरणे गावकऱ्यांसमोर चालत. वकील, मुद्रांक व कोर्टातील खेटे यांचा खर्च वाचे आणि निकाल लवकर लागे. सावकारांनी अन्यायाने बळकावलेल्या जमिनी मूळ मालकांना परत देवविण्याचे प्रयत्न झाले. युद्धकालीन टंचाईत धान्याचा साठा व काळा बाजार रोखून ते वाजवी दराने वाटण्याची व्यवस्था काही ठिकाणी करण्यात आली. याखेरीज दारूबंदी, ग्रामसफाई, वाचनालये, साक्षरता व अस्पृश्यतानिवारण हेही कार्यक्रम होते. हुंडा, मानपान व जेवणावळी टाळून अल्प खर्चात लावलेल्या ‘गांधी लग्नां’नी सामान्य कुटुंबांना कर्जाच्या एका मोठ्या कारणापासून सोडविले.

स्त्रियांचा सहभाग हा भूमिगत यंत्रणेचा कणा होता. निरोप व शस्त्रे पोहोचविणे, फरारी कार्यकर्त्यांना आसरा व भाकरी देणे, पोलिसांच्या हालचालींची खबर देणे ही कामे शेतकरी स्त्रियांनी केली. लीलाताई पाटील, राजमती बिरनाळे, नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई पाटील (१९२६–२०२१) इत्यादींची नावे ज्ञात आहेत. बहुसंख्य स्त्रियांची कोठेच नोंद झालेली नाही.

तुफान सेना : प्रतिसरकारच्या सशस्त्र दलास ‘तुफान सेना’ म्हणत. जी. डी. लाड हे तिचे प्रमुख होते. कुंडल परिसरात तरुणांना कवायत व शस्त्रांचे शिक्षण दिले जाई. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वे कर्मचाऱ्यांचे पगार नेणारी गाडी कुंडल गटाने लुटली. १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशातील चिमठाणे येथे, डॉ. उत्तमराव पाटील यांच्या साहाय्याने, सु. साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना हस्तगत करण्यात आला. हा पैसा शस्त्रे व संघटना यांसाठी वापरला गेला. १९४६ च्या फेब्रुवारीत पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहीर आणि नानकसिंग हे सैनिक मारले गेले.

शासनाचे धोरण व अंतर्गत पेच : ब्रिटिश शासनाने सामुदायिक दंड, मालमत्तेची जप्ती, नातेवाइकांचा छळ, पकडून देणाऱ्यांस बक्षिसे व जादा पोलीस यांचा अवलंब केला. नाना पाटील यांची घरदार-जमीन जप्त झाली, तरी ते अखेरपर्यंत हाती लागले नाहीत. लोकांचे मौन हेच त्यांचे मुख्य संरक्षण होते.

अहिंसेचा प्रश्न मात्र चळवळीस सतत भेडसावीत राहिला. दरोडेखोर, खबरे, स्त्रियांवर अत्याचार करणारे व जुलमी सावकार यांना दिलेल्या शारीरिक शिक्षा कठोर असत; काहींना देहदंडही झाला. गुप्ततेच्या परिस्थितीत आरोपीला बचावाची पुरेशी संधी मिळतेच असे नाही आणि निकालावर अपील करण्याची सोय नव्हती. वैयक्तिक वैरातून तक्रारी होण्याचा धोकाही होता. १९४४ च्या मे महिन्यात सुटका झाल्यावर म. गांधींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. साताऱ्यातील बहुसंख्य कार्यकर्त्यांनी तो मानला नाही. आपण गेल्यास गावे गुंड व पोलीस यांच्या तावडीत सापडतील, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींवर श्रद्धा ठेवूनही त्यांचा सल्ला बाजूस ठेवणारी ही भूमिका, नेत्याच्या शब्दापेक्षा गावाविषयीची जबाबदारी त्यांना मोठी वाटत होती, हे दर्शविते.

अखेर व परिणाम : १९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले, भूमिगतांवरील वॉरंटे मागे घेण्यात आली आणि प्रतिसरकार संपुष्टात आले. कार्यकर्त्यांचे मार्ग पुढे वेगळे झाले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात व नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ मध्ये ते साताऱ्यातून व १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. यशवंतराव चव्हाण व वसंतदादा पाटील हे काँग्रेसमध्ये राहून पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. नागनाथ नायकवडी यांनी वाळवे येथे हुतात्मा किसन अहीर यांच्या नावाने सहकारी साखर कारखाना उभारला. कृष्णाकाठच्या सहकारी व शैक्षणिक संस्थांच्या उभारणीत या पिढीचा वाटा मोठा आहे. तथापि जमिनीचे न्याय्य वाटप, सावकारीचे निर्मूलन व गावाचा न्याय गावात, ही प्रतिसरकारची मूळ उद्दिष्टे स्वातंत्र्यानंतर अंशत:च साध्य झाली.

मूल्यमापन : १९४२ मध्ये बलिया (उत्तर प्रदेश) व तामलूक (बंगाल) येथेही समांतर सरकारे स्थापन झाली. बलियाचे सरकार काही दिवसच टिकले, तर तामलूकचे १९४४ पर्यंत चालले. साताऱ्याचे प्रतिसरकार १९४६ पर्यंत टिकून राहिले. या दीर्घायुष्याची कारणे सत्यशोधक चळवळीने घातलेला सामाजिक पाया, संस्थानी व ब्रिटिश मुलुखाची सरमिसळ, डोंगराळ प्रदेशाचा आसरा आणि विकेंद्रित संघटना ही होत. प्रतिसरकारने ब्रिटिशांची लष्करी सत्ता उलथून टाकली नाही, तसा त्याचा आवाकाही नव्हता. परंतु परकी सत्तेवाचून गावात अराजक माजेल, हा साम्राज्याचा युक्तिवाद अल्पशिक्षित शेतकऱ्यांनी स्वत: कारभार करून खोटा ठरविला. त्याच कारभारातील कठोर शिक्षा व न्यायप्रक्रियेतील उणिवा लक्षात घेतल्यावाचून त्याचे ऐतिहासिक मूल्यमापन पूर्ण होत नाही. स्वातंत्र्यलढा हा सत्तांतराबरोबरच खेड्यातील अन्यायाविरुद्धचाही लढा होता, हे साताऱ्याच्या या प्रयोगावरून विशेष स्पष्ट होते.