अमेरिकन खेडुतांच्या गाण्यांचें एक वर्ष

खानावळीच्या कोपऱ्यांत रंगीबेरंगी दिव्यांनीं झगमगणारी एक मोठी पेटी उभी आहे अशी कल्पना करा. तिच्या फटींत पांच सेंटांचें नाणें टाकावें, समोरच्या बटणांपैकीं एक दाबावें, कीं आंतली तबकडी आपोआप फिरूं लागते आणि आपण निवडलेलें गाणें सर्व गिऱ्हाइकांना ऐकावें लागतें. अमेरिकेंत हिला ज्यूकबॉक्स म्हणत. पुढें ही पेटी मुंबईच्या कांहीं इराणी हॉटेलांतही आली; ती पाहिलेले श्रोते आजही थोडेफार असतील. मला आज जें सांगावयाचें आहे तें या पेटीनें घडविलेल्या एका वर्षाविषयीं, म्हणजे १९४४ सालाविषयीं.

अमेरिकेंत 'बिलबोर्ड' नांवाचें एक व्यापारी नियतकालिक आहे. तें १८९४ सालीं सिनसिनाटी शहरांत निघालें, तें भिंतींवर जाहिरातीचे कागद चिकटविणाऱ्यांच्या धंद्यासाठीं. मग सर्कशी, जत्रा, नाटकें, चित्रपट असें करीत तें संगीताकडे वळलें. या पत्रानें ८ जानेवारी १९४४ च्या अंकांत एक नवी, लहानशी यादी छापली. ज्यूकबॉक्सवर सर्वाधिक वाजलेल्या लोकगीतांच्या तबकड्या, असा तिचा मथळा होता. आज ज्याला कंट्री संगीत म्हणतात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांचें, डोंगरवस्तीचें आणि गुराख्यांचें म्हणून ओळखलें जाणारें संगीत, त्यांतील गाण्यांची क्रमवारी लावणारी या पत्राची ही पहिली यादी. तेव्हांपासून ती नांवें बदलीत अव्याहत चालू आहे. या संगीताच्या इतिहासकारांना 'पहिल्या क्रमांकाचें गाणें' असा शब्दप्रयोग करतां येतो तो या तारखेपासूनच.

तत्पूर्वीं हें संगीत नव्हतें असें अर्थातच नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत ग्रामोफोन कंपन्यांना आढळून आलें कीं दक्षिणेकडील गरीब लोकही तबकड्या विकत घेतात. त्यांनीं आपल्या सूचीचे दोन कप्पे केले. कृष्णवर्णीयांनीं गाइलेलें तें एका कप्प्यांत. गोऱ्या खेडुतांनीं गाइलेलें तें दुसऱ्यांत, आणि त्या दुसऱ्याला नांव दिलें 'हिलबिली', म्हणजे डोंगरांतला गांवढळ. हे कप्पे दुकानाच्या सोयीचे होते. गाण्याला ते ठाऊक नव्हते. गोऱ्या खेडुतांचें म्हणून मिरविलें गेलेलें बँजो हें वाद्य मूळ आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचें. या संगीताचा आद्य पुरुष म्हणून मान मिळालेला जिमी रॉजर्स याच्या गाण्यांतील अर्धा जीव ब्लूज या कृष्णवर्णीय गानप्रकाराचा आहे, आणि १९३० सालीं त्याच्या एका तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगची तुतारी वाजलेली आहे. नॅशव्हिलच्या नभोवाणीवरील 'ग्रँड ओल ऑप्री' या सुप्रसिद्ध कार्यक्रमाच्या पहिल्या लोकप्रिय वादकांत डीफर्ड बेली हा कृष्णवर्णीय तोंडबाजावाला होता. त्याला १९४१ सालीं कमी करण्यांत आलें. आपली यादी सुरू झाली ती त्यानंतर तीनच वर्षांनीं.

आतां त्या वर्षाची परिस्थिति पाहूं, कारण ती ध्यानांत घेतल्यावांचून यादीचा उलगडा होत नाहीं. महायुद्ध ऐन भरांत होतें. त्या काळच्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे आपल्या लाखेच्या असत. पळस, कुसुंब, बोर या झाडांवर एक किडा जी राळ सोडतो ती लाख. आणि तिचें मोठें आगर म्हणजे आपला छोटा नागपूरचा मुलूख. टेक्सासच्या गुत्त्यांत वाजणारें गाणें असें आपल्या जंगलांतल्या किड्यावर अवलंबून होतें! युद्धामुळें समुद्रमार्ग अडले, लाख दारूगोळ्याच्या कामीं हवी झाली, आणि १९४२ च्या एप्रिलांत अमेरिकन सरकारनें तिच्या इतर वापरावर कडक निर्बंध घातले. जुन्या तबकड्या गोळा करून, दळून त्यांच्या नव्या करण्याची पाळी आली.

त्यांतच १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. संघाचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो याचें म्हणणें असें कीं तबकडी एकदां वाजविली कीं वादकाला मोबदला एकदांच मिळतो, पण ती पेटींत हजार वेळां वाजते आणि जिवंत वादकाची भाकर हिरावून घेते. म्हणून कंपन्यांनीं बेकार वादकांच्या निधीला प्रत्येक तबकडीमागें कांहीं द्यावें. पेट्रिलोला वर्तमानपत्रांनीं यथेच्छ शिव्या दिल्या. मला तरी त्याचें म्हणणें रास्त वाटतें. डेका कंपनीनें १९४३ च्या सप्टेंबरांत व नवख्या कॅपिटल कंपनीनें त्यानंतर लवकरच तडजोड केली. कोलंबिया आणि व्हिक्टर या बड्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या.

परिणाम काय झाला तो यादींत स्पष्ट दिसतो. १९४४ सालीं पहिल्या क्रमांकावर आलेल्या तबकड्या सुमारे डझनभर. त्या सर्व एक तर डेकाच्या, नाहीं तर कॅपिटलच्या, नाहीं तर कोलंबियाच्या ओके या शाखेनें बहिष्कारापूर्वीं मुद्रित करून ठेवलेल्या शिलकी मालांतल्या. त्या वर्षाची आवड म्हणून जी नोंदली गेली तिच्यांत लोकांची रुचि किती आणि लाखेचा दुष्काळ व मजुरीचा तंटा किती, हें वेगळें काढणें कठीण आहे.

शिलकी मालाचा धनी एकच, अल डेक्स्टर. खरें नांव क्लॅरेन्स आल्बर्ट पॉइनडेक्स्टर. मूळचा घरें रंगविणारा. टेक्सासच्या पूर्व भागांत १९३० सालीं तेल सांपडलें, मजुरांची झुंबड उडाली, त्यांच्यासाठीं गुत्ते निघाले, आणि तसाच एक गुत्ता हा डेक्स्टर चालवीत असे. हातीं पिस्तूल घेऊन निघालेल्या एका संतप्त बायकोची हकीकत त्याच्या कानीं आली होती. तिच्यावर त्यानें 'पिस्टल पॅकिन् मामा' हें गाणें रचलें. मुद्रण १९४२ च्या मार्चांतलें, प्रकाशन १९४३ चें, आणि खप दहा लाखांवर. चाल इतकी सोपी कीं पोरासोरांनींही म्हणावी. डेकाशीं तडजोड होतांच बिंग क्रॉस्बी या शहरी, नाजूक गळ्याच्या गायकानें अँड्र्यूज भगिनींना घेऊन तेंच गाणें गाइलें. आणि खेडुतांच्या संगीताच्या पहिल्यावहिल्या यादींत पहिला मान मिळाला तो या शहरी मंडळीला! मूळ डेक्स्टरचा क्रम त्यानंतर लागला. पुढें त्याच तबकडीच्या पाठचें 'रोझलिटा', मग 'सो लाँग पाल' आणि त्याच्या पाठचें 'टू लेट टू वरी' हींही अग्रस्थानीं पोंचलीं. 'सो लाँग पाल' तेरा आठवडे तेथें होतें. आज डेक्स्टरचें नांव थोड्यांनाच ठाऊक आहे.

युद्धाचीं म्हणून दोन गाणीं सांगण्यासारखीं आहेत. पहिलें अर्नेस्ट टब याचें 'सोल्जर्स लास्ट लेटर'. रेड स्टुअर्ट नांवाच्या गायकानें तें दक्षिण पॅसिफिकच्या आघाडीवर शिपाईगिरी करीत असतां रचलें. मुलाचें पत्र आईला येतें, आणि तें अर्धवट तुटलेलें पाहून पुढचें तिला कळून चुकतें. टबचा आवाज जाड, सपाट. सुराला तो कित्येकदां खालींच राहतो. पण अशा गाण्याला कसलेला गळा शोभला नसता. त्याच १९४४ च्या जुलैंत इटलींत मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थीं पडले. कुलाबा, सातारा, रत्नागिरीच्या किती घरांना त्या काळीं टपालवाल्याची धास्ती वाटत असेल हें आपल्याला निराळें सांगावयास नको.

दुसरें रेड फोली याचें 'स्मोक ऑन द वॉटर'. (त्याच नांवाचें एक प्रसिद्ध रॉक गाणें १९७२ सालीं निघालें, त्याचा याच्याशीं संबंध नाहीं.) जपान कसा जळून बेचिराख होईल याचें भाकीत त्यांत उडत्या, टाळ्या घेणाऱ्या चालीवर केलें आहे. हेंही तेरा आठवडे पहिलें राहिलें. हिरोशिमा अद्याप जवळजवळ वर्षभर दूर होतें. आज तें गाणें ऐकतांना त्याची आनंदी लय अंगावर कांटा आणते, आणि गाणाऱ्याला व ऐकणाऱ्याला त्याचें कांहींच वाटलें नसेल हेंही खरें. फ्लॉइड टिलमन आणि चित्रपटांतला गुराखी टेक्स रिटर यांचीं विरहगीतेंही त्या वर्षीं पहिलीं आलीं. तीं गोड आहेत, याहून अधिक त्यांविषयीं सांगण्यासारखें मजपाशीं नाहीं.

खरें आश्चर्य उरलेल्या तीन तबकड्यांचें. वर्षाच्या आरंभींच अग्रस्थानीं आलेलें 'रेशन ब्लूज' आणि पुढें 'इज यू इज ऑर इज यू एन्ट माय बेबी' हीं दोन गाणीं लुई जॉर्डनचीं. हा आर्कान्सासचा कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीचा लाडका. रेशन हा शब्द आपल्याकडेही त्याच सुमारास घरोघर झाला. मुंबईंत रेशनिंग सुरू झालें तें १९४३ सालीं. जॉर्डननें साखर-मांसाच्या टंचाईचें गाऱ्हाणें चावट श्लेषांनीं रंगविलें. बंगालमध्यें त्याच वर्षीं लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं हें आठवलें म्हणजे तें गाऱ्हाणें थोडें लाडिक वाटतें, पण गाणें मात्र फक्कड आहे.

तिसरी तबकडी किंग कोल ट्रिओची, 'स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट'. नॅट कोल हा अलाबामांत जन्मलेला, धर्मोपदेशकाचा मुलगा. बापाच्या प्रवचनांतली एक गोष्ट त्यानें गाण्यांत आणली. एक गिधाड प्राण्यांना पाठीवर बसवून आकाशांत नेई आणि खालीं पाडून खाई. माकडानें त्याच्या मानेला शेपटीचा विळखा घालून त्याला सरळ उडावयास लावलें. पंचतंत्रांतलें वानर आणि मगर ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाहीं. परंतु बलवानाच्या पाठीवर बसून जीव कसा वाचवावा, ही कथा गुलामांच्या वंशजांच्या तोंडीं आली म्हणजे तिला निराळी धार येते. कोलनें या गाण्याचे हक्क अवघ्या ५० डॉलरांस आधींच विकून टाकलेले होते.

हीं तीन गाणीं खेडुतांच्या यादींत शिरलीं कशीं? कोणी उदारमतवादी संपादकानें तीं घातलीं असें मानण्याचें कारण नाहीं. हार्लेमच्या आवडीची निराळी यादी त्याच पत्रांत १९४२ पासून निघतच होती. येथें पेटीवाले आपापल्या पेट्यांवर काय वाजतें तें कळवीत आणि संपादक तें मोजीत. युद्धकारखान्यांसाठीं दक्षिणेकडील लक्षावधि गोरे-काळे मजूर डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजलिस येथें येऊन राहिले होते. त्यांतल्या कोणी कोणत्या हातानें नाणें टाकलें हें पेटीला दिसत नव्हतें. पेटी ज्या दुकानांत होती तें दुकान मात्र गिऱ्हाइकाचा रंग पाहत असे, हें विसरूं नये. दक्षिणेंत ज्या गुत्त्यांत जॉर्डनची तबकडी वाजे त्यांपैकीं किती ठिकाणीं खुद्द जॉर्डनला पुढच्या दारानें आंत येऊं दिलें असतें?

पुढें मोजणारे शहाणे झाले. १९४९ च्या जूनमध्यें याद्यांचीं नांवें बदललीं. एकीकडे 'कंट्री अँड वेस्टर्न', दुसरीकडे 'रिदम अँड ब्लूज'. नभोवाणी केंद्रांवरून मोजणी होऊं लागली, केंद्रें आपापला कप्पा संभाळूं लागलीं, आणि ज्यूकबॉक्सची यादी १९५७ सालीं बंदच झाली. १९६२ सालीं रे चार्ल्स या अंध कृष्णवर्णीय गायकानें कंट्री गाण्यांचा संग्रह काढला; त्यांतील 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' इतर याद्यांत पहिलें आलें, कंट्रीच्या यादींत त्याला शेवटचीही जागा मिळाली नाहीं. १९४४ नंतर तेथें कृष्णवर्णीय गायक पहिला आला तो एकदम १९६९ सालीं, चार्ली प्राइड. तीन वर्षांपूर्वीं त्याच्या पहिल्या तबकड्या नभोवाणी केंद्रांकडे गेल्या तेव्हां कंपनीनें त्यांसोबत त्याचें छायाचित्र पाठविण्याचें टाळलें होतें.

हा वाद अजून मिटलेला नाहीं. २०१९ सालीं लिल नॅस एक्स या तरुणाचें 'ओल्ड टाउन रोड' हें गाणें पुरेसें कंट्री नाहीं म्हणून बिलबोर्डनें यादींतून काढून टाकलें. २०२४ च्या फेब्रुवारींत, म्हणजे पहिल्या यादीनंतर ऐंशी वर्षांनीं, बियॉन्से ही त्या यादींत पहिल्या क्रमांकावर येणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. ती ह्यूस्टनची, अल डेक्स्टर आणि अर्नेस्ट टब ज्या टेक्सासचे, त्याच राज्यांतली.