सुईचें काम आणि त्याची चौकट

ज्या स्त्रियांनीं ग्रंथ लिहिले नाहींत, ज्यांचीं नांवें दानपत्रांत वा शिलालेखांत आलीं नाहींत, त्यांच्या हाताची साक्ष इतिहासाला क्वचितच मिळते. मिळते तेव्हां ती बहुधा कापडावर, दोऱ्याच्या टांक्यांत मिळते. इंग्लंडांत तर कित्येक मुलींचें नांव, वय आणि काम पुरें केल्याचें साल हीं त्यांच्या भरतकामांतच गुंफलेलीं आहेत. आणि त्यांपैकीं पुष्कळींचें दुसरें एकहि स्मारक उरलेलें नाहीं. म्हणून असें काम कशावर ताणलें, कशानें झांकलें आणि त्याच्या पाठीशीं काय लावलें, हा प्रश्न नुसत्या घरसजावटीचा राहत नाहीं. जुनीं कागदपत्रें जपण्याइतकाच तो महत्त्वाचा ठरतो. या प्रश्नाचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे मात्र एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. ज्या कामाचा गौरव करावयाचा म्हणून त्याला चौकट घातली, त्याच कामाची नासाडी पुष्कळदां त्या चौकटीनें केली आहे.

सोळाव्या शतकांतील इंग्लंडांत ‘सँप्लर’ म्हणजे भरतकामाच्या नमुन्यांचें कापड. नक्षीचीं छापील पुस्तकें युरोपांत इ. स. १५२३ च्या सुमारास निघूं लागलीं, पण तीं सर्वांना लाभण्यासारखीं नव्हतीं. त्यामुळें एखादी वेल, एखादें अक्षर किंवा एखादा नवा टांका दृष्टीस पडला कीं तो लिननच्या कापडावर उतरवून ठेवीत. सँप्लर ही त्या काळच्या स्त्रीची टांचणवहीच होती. लंडन येथील व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत जेन बोस्टॉक हिनें केलेला सँप्लर आहे. त्यावर १५९८ हें साल आहे, आणि साल घातलेल्या ब्रिटिश सँप्लरांत तो सर्वांत जुना समजला जातो. त्यांत १५९६ च्या नोव्हेंबरांत जन्मलेल्या ॲलिस ली हिच्या जन्माची नोंद टांक्यांनीं केलेली आहे.

सतराव्या शतकांत सँप्लर अरुंद आणि लांब होत गेले. कामाशिवायच्या वेळीं ते गुंडाळून पेटींत पडून असत. त्यांना कांच नव्हती कीं चौकट नव्हती. पण अंधार होता आणि हवेचा वारा बेताचाच होता. म्हणून तीनशें वर्षें लोटल्यावरहि त्यांतील कित्येकांचे हिरवे, निळे आणि गुलाबी रंग टवटवीत दिसतात.

अठराव्या शतकांत ही चाल पालटली. भरतकाम हें मुलीच्या शिक्षणाचें व वळणाचें प्रमाणपत्र झालें. सँप्लर चौकोनी झाला, त्याला चारी बाजूंनीं वेलपत्तीची किनार आली, मध्यें बाराखडीच्या जागीं इंग्रजी मुळाक्षरें व नीतिपर वचन आलें, आणि तो दिवाणखान्याच्या भिंतीवर चढला. कापड लांकडी सांगाड्यावर ताणून कडेनें लोखंडी खिळे मारीत, पाठीमागें देवदारासारख्या हलक्या लांकडाच्या फळ्या बसवीत, आणि पुढें कांच थेट टांक्यांना भिडवीत. कालांतरानें खिळे गंजले व त्यांच्याभोंवतीं कापड कुजून भोंकें पडलीं. लांकडांतून निघणाऱ्या आम्लानें कापड करपलें. फळींतील गांठ जेथें टेकली होती, तेथें कापडावर तिचाच तपकिरी डाग उठला. कांचेच्या आंतल्या बाजूस दंव धरून ओल टांक्यांत उतरली व बुरशी आली.

एकोणिसाव्या शतकानें या संकटांत भरच घातली. बर्लिन शहरांत छापलेले, चौकटी आंखलेले रंगीत नमुने शतकाच्या आरंभीं बाजारांत आले आणि लोकरीच्या भरतकामाची मोठी लाट उठली. १८५६ सालीं विल्यम पर्किन यानें डांबरापासून जांभळा रंग काढला. त्यामागून आलेले अनेक झगझगीत रंग उन्हापुढें टिकणारे नव्हते. तिकडे १८४४ च्या सुमारास केलर नांवाच्या जर्मन विणकरानें लांकूड दळून त्याचा कागद करण्याची युक्ति काढली. पूर्वीं कागद होत असे तो चिंध्यांचा. आतां स्वस्त कागद व पुठ्ठा लांकडाच्या लगद्याचा होऊं लागला. कांच आणि भरतकाम यांच्यामध्यें खिडकीप्रमाणें कापून बसवावयाचा जो पुठ्ठा, ज्याला तसबीरवाले ‘माउंट’ म्हणतात, तोहि याच मालाचा आला. अशा पुठ्ठ्यांतील लांकडाचा अंश हवा व प्रकाश लागून पिवळा पडतो आणि आम्ल सोडतो. जुन्या तसबिरींत माउंटच्या कापलेल्या कडेलगत जी तपकिरी रेघ दिसते, ती या आम्लाचीच खूण होय.

महाराष्ट्रांतील घरें या कथेपासून अलिप्त राहिलीं नाहींत. मुलींच्या शाळांत शिवण व भरतकाम आलें, आणि लोकरीनें भरलेले पोपट व फुलांच्या परड्या तसबिरी होऊन माजघरांतून दिवाणखान्यांत आल्या. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईंत निघाला. त्याच्या रंगीत चित्रांतील देवतांच्या वस्त्रांवर जर, टिकल्या व कापडाचे तुकडे लावून तीं शृंगारण्याची हौस स्त्रियांनीं पुष्कळ केली. या तसबिरींच्या पाठीस साधी फळी आणि फटी बुजविण्यास खळीनें चिकटविलेलें जुनें वर्तमानपत्र असे. खळीला कसर लागे, पावसाळी भिंतीची ओल फळींत शिरे, आणि चांदीची जर काळवंडून जाई.

शास्त्रानें या नासाडीचीं कारणें हळूहळू उकललीं. १८८८ सालीं रसेल व ॲबनी या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं जलरंगांवरील प्रकाशाच्या परिणामाचा अहवाल सादर केला. हवा व ओल यांची जोड मिळाली म्हणजे प्रकाश रंगाला कसा खातो, हें त्यांनीं प्रयोगांनीं दाखविलें. अमेरिकेंतील विल्यम बॅरो यानें जुन्या पुस्तकांचे कागद तपासून १९५९ सालीं दाखवून दिलें कीं कागद ठिसूळ होण्याचें मोठें कारण त्यांतील आम्ल आहे. पुढें १९७८ सालीं गॅरी टॉमसन याच्या संग्रहालयविषयक ग्रंथानें कापडासारख्या नाजूक वस्तूंवर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडूं देऊं नये, हा दंडक रूढ केला. या सर्वांचा पुरावा मात्र जुन्या सँप्लरांच्या पाठीवर पूर्वींपासूनच होता. चौकट उघडून काम उलटें केलें कीं मागचे टांके तेजस्वी निघतात. पुढें राखट झालेलें फूल मागें लालभडक असतें.

या इतिहासांतून जो धडा निघतो तो घरगुती तसबिरीलाहि लागू आहे. माउंटचा पुठ्ठा शुद्ध कापसाचा, आम्लरहित असावा. सुती व लिननच्या कामाला खडूची भुकटी मिसळलेला, किंचित् क्षारयुक्त पुठ्ठा चालतो; लोकर व रेशीम यांना क्षार सोसत नाहीं, म्हणून त्यांच्यासाठीं ना आम्ल ना क्षार असा उदासीन पुठ्ठा घ्यावा. काम पुठ्ठ्यावर डिंकानें वा खळीनें चिकटवूं नये. धुतलेल्या सुती कापडावर टांक्यांनीं धरून तें कापड पुठ्ठ्याच्या मागें दोऱ्यानें ओढून बांधावें, म्हणजे पुढेंमागें तें सुखरूप सोडवितां येतें. माउंट पुरेसा जाड घ्यावा, कारण कांच टांक्यांपासून दूर ठेवणें हें त्याचें खरें काम आहे. शोभा ही त्यानंतरची. पाठीस कच्चें लांकूड लावूं नये. अतिनील किरण अडविणारी कांच मिळाल्यास उत्तम. पण ती घातली तरी रंग उडणें मंदावतें, थांबत नाहीं. तसबीर बाहेरच्या ओलसर भिंतीवर किंवा उन्हासमोर टांगूं नये, आणि वर्षांतून कांहीं महिने ती उतरवून अंधारांत ठेवावी.

एवढी खबरदारी घेणें कित्येकांस जाचक वाटेल. टांगावयाचें नसेल तर काम केलें कशासाठीं, असा प्रश्नहि रास्त आहे. डोळ्यांना मिळणारा प्रत्येक तास हा रंगाच्या आयुष्यांतून वजा होतो, एवढें मात्र हिशेबांत धरावें लागतें. हा खर्च किती व केव्हां करावयाचा, हें घरच्या माणसांनीं ठरवावें. निकृष्ट पुठ्ठा, गंजका खिळा आणि कच्ची फळी यांच्यापायीं होणाऱ्या नाशांतून मात्र कोणालाच कांहीं पाहावयास मिळत नाहीं. जेन बोस्टॉकचें नांव चारशें वर्षांहून अधिक काळ वाचतां येत आहे. घरच्या पेटींत असलेल्या एखाद्या आजीबाईंच्या कामावरील नांव नातवंडांना वाचतां यावें, तर तसबीरवाल्याकडे जातांना चौकटीच्या सोनेरी नक्षीआधीं आंतील पुठ्ठ्याची विचारपूस करावी.