वाइन नसलेल्या किनाऱ्यावरचा लाल पेला

मंडळी, २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? एक बाजू म्हणे शेतकऱ्याचं भलं, दुसरी म्हणे संस्कृती बुडाली. त्या भांडणात आपल्याच अलिबागच्या किनाऱ्यावरचा एक लाल पेला कुणालाच आठवला नाही. म्हणून हे लिहितोय.

नवगावजवळ गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असं बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. या लोकांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनवार तेली. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, केहीमकर. घरात बोली मराठीच.

आता यहुदी धर्मात शब्बाथ आणि सणांना द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणतात, त्याला किद्दूश म्हणतात. पण कोकणात द्राक्ष येणार कसं? हलक्या, ताज्या लाल वाइनसाठी फ्रान्समधल्या बोजोलेसारखी थंड हवा लागते. द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो. आपल्याकडे दमट उकाडा आणि चार महिने कोसळता पाऊस.

मग त्यांनी वाट काढली. काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. झालं लाल सरबत! आंबवायचं नाही, त्यामुळे नशा नाही. मनुका म्हणजे शेवटी द्राक्षच, त्यामुळे धर्मालाही ते चालतं. पुढे दारूबंदीचा १९४९ चा कायदा आला, त्याचीही या पेल्याला अडचण नव्हती.

आज नाशिकची वाइन अलिबागच्या दुकानात मिळते, तरी कित्येक घरांत किद्दूशला मनुकांचंच सरबत असतं. पण घरंच किती उरली? १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली. अलिबागच्या इस्राएल आळीतलं १८४८ चं मागेन अबोथ सिनेगॉग उभं आहे, प्रार्थनेला माणसं मोजकीच. २०१६ मध्ये राज्याने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, चांगलं झालं. पण दर्जा कागदावर राहतो, सरबत करणारे हात जातात.

केहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून ठेवला, म्हणून आपल्याला एवढं तरी ठाऊक आहे. स्वयंपाकघरातलं मात्र अजून बरंच लिहायचं राहिलंय. तुमच्या गावात बेने इस्राएल शेजारी असतील, तर त्यांच्या आजीला विचारा: मनुका किती, पाणी किती, भिजवायच्या किती वेळ. आणि तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.