बेने इस्रायलींची गावावरून आलेली आडनावे: उगम आणि प्रसार

किहीमकर, झिराडकर, राजपूरकर, चेऊलकर, पेणकर, तळकर, अष्टमकर, नवगावकर. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची, म्हणजे बेने इस्रायलींची, ही आडनावे आहेत. यांतले जवळपास प्रत्येक नाव आजच्या रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा, जिल्ह्यातल्या कोणत्या ना कोणत्या गावावरून आलेले आहे. अशी शंभराहून अधिक नावे या समाजात आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातली बेने इस्रायलींची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. एवढ्या लहान समाजात एवढी आडनावे असल्यामुळे एकेका नावाच्या वाट्याला मोजकी घराणी येतात. काही नावे तर दोन-चार घरांपुरतीच उरतात. ही नावे दुर्मीळ का आहेत, याचे कारण समाजाच्या जुन्या धंद्यात आहे.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांचे मृतदेह नवगावात पुरण्यात आले आणि ती जागा समाजाने आजवर पवित्र मानली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी बेने इस्रायलींचा पहिला सविस्तर इतिहास लिहिला. त्यांनी हे आगमन इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात धरले आहे. वाचलेल्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढा ठेवा पुढच्या पिढ्यांनी जपला. भाषा, पेहराव आणि बहुतेक रीतिरिवाज मात्र कोकणाचेच झाले.

पोटासाठी या लोकांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. कोकणच्या गावगाड्यात तेली हा गरजेचा कारागीर होता. दिव्याला, स्वयंपाकाला आणि अंगाला लावायला तेल रोज लागे. बेने इस्रायली तेली शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा न जुंपणारे हिंदू तेली होते, ते ‘सोमवार तेली’. गावाने या दोघांना वारावरून वेगळे ओळखले आणि धर्मभेदाची नोंद तेवढ्याच सोप्या शब्दांत केली.

धंद्याला गिऱ्हाईक ठरावीक असे. एका मध्यम गावाला एक-दोन घाणे पुरत, तिसऱ्या घाण्याला काम नसे. घरात मुलगे वाढले की एखाद्याला घाणा घेऊन शेजारच्या गावी जावे लागे. म्हणून हा समाज एका गावात किंवा एका पेठेत गोळा झाला नाही, गावोगाव एक-दोन घरांनी पांगला. जिथे घाणा, तिथे घर. आणि पुढे जिथे घर, तिथले आडनाव. तेलाच्या जोडीला काहींनी शेती केली, काही सुतारकामात तरबेज झाले. पण घरे पांगलेलीच राहिली.

आडनावांची गावे नकाशावर मांडली तर या पांगापांगीचा पट्टा स्पष्ट दिसतो. उत्तरेला पनवेल-पेणपासून दक्षिणेला म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूपर्यंत तो जातो. गावांची सर्वांत दाट वस्ती अलिबाग तालुक्यात आहे. किनाऱ्यालगतच्या आवास, किहीम, थळ, नवगाव, नागाव आणि चौल या गावांवरून अनुक्रमे आवासकर, किहीमकर, थळकर, नवगावकर, नागावकर आणि चेऊलकर ही नावे आली. थोडे आत झिराड, पेझारी आणि शहापूर लागतात, तिथले झिराडकर, पेझारकर, शापूरकर. पेण तालुक्यातून पेणकर आणि वाकरूळकर आले. कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा आणि दुसऱ्या काठाला अष्टमी. तिथून रोहेकर आणि अष्टमकर. तळ्याचे ते तळकर. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या पूर्वीच्या मुलखात राजपुरी, दांडा आणि मुरूड ही गावे येतात, त्यांवरून राजपूरकर, दांडेकर, मुरूडकर. सह्याद्रीच्या माथ्यावरची गावे या यादीत जवळजवळ नाहीत, कारण समाजाची जुनी वस्ती घाटाखालीच होती.

गावात राहणाऱ्या माणसाला गावाच्या नावाचे आडनाव लागत नाही. किहीमात सगळेच किहीमचे. गाव सोडून पेणच्या बाजारात, अलिबागच्या कचेरीत किंवा मुंबईच्या गोदीत माणूस उभा राहिला की ‘कुठला?’ हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर आडनाव होते. कोकणातल्या इतर जातींनीही याच रीतीने ‘कर’ लावला. त्यामुळे पेणकर, दांडेकर, दिवेकर ही नावे हिंदूंतही आढळतात आणि केवळ आडनावावरून धर्म कळत नाही. जुन्या काळी पहिल्या नावावरूनही तो चटकन कळत नसे, कारण बायबलातली नावे कोकणी वळणाने उच्चारली जात. अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, सॅम्युएलचा समाजी, एझेकिएलचा हसाजी. एकोणिसाव्या शतकात शाळा आणि सिनेगॉग वाढले तशी मूळ हिब्रू नावे परत आली. मग सॅम्युएल किहीमकर किंवा जोसेफ राजपूरकर असे नाव पाहिले की माणूस कोण हे लगेच कळू लागले.

गावांवरून आलेल्या या आडनावांपैकी तीन आडनावांना समाजात वेगळे स्थान मिळाले. परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू विद्वान कोकणात आला. शनिवार पाळणारे हे तेली आपलेच बांधव आहेत हे त्याने ओळखले आणि त्यांना धर्मविधी शिकवले. जाताना त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मकार्य सोपवले. त्यांना ‘काजी’ म्हणत. हे काम वंशपरंपरेने चाले आणि काजी गावोगाव फिरून सुंता, लग्न व इतर विधी करीत. समाजाच्या तंट्यांतही त्यांचा शब्द मानला जाई.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायली मुंबईकडे जाऊ लागले. या स्थलांतरात दिवेकर घराणे पुढे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी समाजी हसाजी, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, यांनी १७९६ साली मांडवी भागात मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत ते कैद झाले होते आणि सुटका झाल्याच्या कृतज्ञतेतून हे प्रार्थनागृह उभे राहिले, असे समाजात सांगतात. ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे नाव. जवळच्या सॅम्युएल स्ट्रीटला समाजींचेच नाव आहे. मराठीत बेने इस्रायली आपल्या सिनेगॉगला मशीद म्हणत आणि मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव याच जुन्या ‘मशिदी’वरून पडल्याचे सांगितले जाते.

कंपनीच्या मुंबई लष्करात अनेक बेने इस्रायली भरती झाले आणि काही जण सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. लष्करी कागदांत शिपायाच्या नावापुढे बापाचे नाव लिहीत. ‘सॅम्युएल एझेकिएल’ म्हणजे एझेकिएलचा मुलगा सॅम्युएल. गावाचे आडनाव या नोंदीत गळून पडे. पुढे सरकारी नोकरी आणि इंग्रजी शाळा यांतही हीच पद्धत चालली. अनेक घराण्यांत बापाचे किंवा आजोबाचे नावच कायमचे आडनाव झाले आणि ‘कर’ घरातल्या व्यवहारापुरता उरला. म्हणून मुंबईच्या दप्तरांत मोझेस, सॅम्युएल, रूबेन, एझेकिएल अशी नावे दिसतात. इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सीम इझिकेल यांचे आडनाव याच पद्धतीचे. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस यांचे पूर्ण नाव एलिजा मोझेस राजपूरकर. महालक्ष्मी-वरळी भागातल्या रस्त्याला मात्र ‘डॉ. ई. मोझेस’ एवढेच नाव मिळाले. काही घराण्यांनी तिसरा मार्ग घेतला आणि ‘कर’ काढून नुसते गाव ठेवले. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड (१८९०–१९८३) यांच्या आडनावात झिराड गाव जसेच्या तसे आहे. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख होत्या आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

लष्कर, रेल्वे, टपाल आणि कस्टम यांच्या नोकऱ्यांबरोबर ही आडनावे कोकणाबाहेर गेली. पुण्याच्या छावणीत मोठी वस्ती झाली. मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी वल्हांडणाच्या (पासओव्हर सणाच्या) रात्री वाचायच्या ‘हग्गादा’चे मराठी भाषांतर केले. हिब्रू आणि मराठी मजकूर शेजारी देणारे हे सचित्र पुस्तक १८७४ साली पुण्यात छापले गेले. तळे हे कोकणातले लहान गाव, पण त्याचे नाव घाटावरच्या छापखान्यातून ज्यू ग्रंथांच्या इतिहासात गेले. अहमदाबादेत रेल्वे, गिरण्या आणि वैद्यकी यांच्या निमित्ताने कुटुंबे स्थिरावली आणि १९३४ साली तिथे ‘मागेन अब्राहम’ सिनेगॉग झाले. कराचीतले ‘मागेन शलोम’ सिनेगॉग १८९३ साली उमरडेकर घराण्याच्या पुढाकाराने उभे राहिले. फाळणीनंतर कराचीतली बेने इस्रायली कुटुंबे हळूहळू निघून गेली आणि १९८८ साली ती इमारतही पाडली गेली. एडनसारख्या ब्रिटिश ठाण्यांतही नोकरीनिमित्त ही माणसे गेली.

मुंबईत या नावांना सार्वजनिक ओळख मिळाली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजातल्या मुलांसाठी १८७५ साली शाळा सुरू केली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. त्यांनी बेने इस्रायलींचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला, पण तो छापून आला १९३७ साली आणि तोही तेल अवीवमध्ये. गावांवरून आलेल्या आडनावांची माहिती देणारा हा महत्त्वाचा जुना आधार आहे. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावर १९३१ सालचा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आधारलेला होता. ‘बूट पॉलिश’ चित्रपटातले जॉन चाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर मात्र ‘डेव्हिड’ एवढेच नाव येई. एरुलकर घराणे वैद्यकी आणि वकिलीत पुढे आले. याच घराण्यातल्या लीला एरुलकर यांचा विवाह ग्लाफकोस क्लेरिडिस यांच्याशी झाला आणि ते १९९३ साली सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आडनावांचा सर्वांत मोठा प्रसार १९४८नंतर झाला. इस्रायल स्थापन झाल्यावर बहुसंख्य बेने इस्रायली टप्प्याटप्प्याने तिकडे गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद आणि रामला या गावांत त्यांची वस्ती झाली. सुरुवातीची वर्षे कष्टाची गेली. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी काहींनी सत्याग्रह करून भारतात परत पाठवण्याची मागणी केली. १९६२ साली तिथल्या प्रमुख धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत वंशावळीची चौकशी करण्याचे आदेश काढले. त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि १९६४ साली बेने इस्रायलींना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू मानण्यात आले. त्या काळात इस्रायलमध्ये हिब्रू आडनावे घेण्यास उत्तेजन मिळत असे. काही कुटुंबांनी ती घेतली, काहींनी बापाचे नाव पुढे चालवले आणि बऱ्याच जणांनी ‘कर’ कायम ठेवला. हिब्रू लिपीत लिहिलेली पेणकर, दांडेकर, नागावकर ही नावे तिथे आजही आहेत. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथेच निघत आले आहे. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही काही कुटुंबे गेली.

रोमन लिपीत गेल्यावर एकाच नावाची अनेक रूपे झाली. किहीमकर कुठे ‘केहीमकर’ झाले, चौलचे चेऊलकर वेगवेगळ्या वर्णांनी लिहिले गेले, झिराडच्या पहिल्या अक्षराचे दोन पर्याय रूढ झाले. हिब्रूत स्वर लिहिण्याची पद्धत वेगळी असल्याने तिथे आणखी भर पडली. एकाच घराण्याच्या दोन शाखा आज दोन देशांत दोन वेगळ्या वर्णलेखनांनी ओळखल्या जातात. वंशावळ जुळवताना म्हणूनच आडनावाबरोबर मूळ गाव विचारण्याची रीत समाजात टिकली आहे.

कोकणात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कुटुंबे उरली आहेत. रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९) आणि पेण (१८६३) इथली सिनेगॉग उभी आहेत आणि परदेशात गेलेली कुटुंबे सुटीत तिथे येतात. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर प्रेषित एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, अशी समाजाची श्रद्धा आहे. तिथे नवस फेडायला आणि मलिदा हा कृतज्ञतेचा विधी करायला लोक जातात. भारतातला समाज आज मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे आणि अहमदाबाद इथे आहे, त्याची संख्या काही हजारांत आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

अशा रीतीने या आडनावांचे उगमस्थान आणि त्यांचा आजचा वापर या दोन वेगळ्या प्रदेशांतल्या गोष्टी झाल्या आहेत. उगम रायगडच्या शंभरेक गावांत आहे. धारण करणारी माणसे बहुतांशी इस्रायलमध्ये आणि उरलेली मोठ्या शहरांत आहेत. तेलाचे घाणे गेल्या शतकातच थांबले. पण एका गावाला एक-दोनच घाणे पुरत, या जुन्या हिशेबाने समाज जसा पांगला, तसाच तो त्याच्या आडनावांत नोंदलेला राहिला आहे.