विधेयक, वटहुकूम की कायदा? मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं वाचा

मोबाईलवर मेसेज येतो, "नवा कायदा आला!" पारावर चर्चा सुरू होते. कुणी खूश होतं, कुणाला आपल्या जमिनीची काळजी लागते. पण बऱ्याचदा आलेलं असतं ते नुसतं विधेयक, नाहीतर वटहुकूम. फरक काय, ते भूसंपादन कायद्याच्या उदाहरणावरून पाहू.

संसद कशी चालते?
आपली संसद ब्रिटनच्या पद्धतीवर उभी आहे. लोकसभेत ५४३ खासदार आपण निवडून देतो. तिथे ज्यांचं बहुमत, त्यांचं सरकार. बहुमत गेलं की सरकारही जातं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं, ते याच नियमाने. दुसरं सभागृह राज्यसभा. तिथले बहुतेक खासदार आमदारांच्या मतांवर निवडून येतात. त्यामुळे सरकारचं तिथेही बहुमत असेलच असं नाही.

विधेयकाचा कायदा कसा होतो?
१) विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. तो सभागृहात मांडला जातो.
२) गरज वाटली तर तो खासदारांच्या समितीकडे तपासणीला जातो.
३) एकेका कलमावर चर्चा, दुरुस्त्या आणि मग मतदान होतं.
४) दुसऱ्या सभागृहातही हेच सगळं पार पडावं लागतं. धन विधेयक मात्र वेगळं. ते राज्यसभा फार तर १४ दिवस ठेवू शकते, अडवू शकत नाही.
५) राष्ट्रपतींची सही झाली की विधेयकाचा कायदा होतो आणि तो राजपत्रात छापला जातो.

सही झाली तरी अंमल लगेच सुरू होतो असं नाही. भूसंपादन कायद्यावर सही झाली सप्टेंबर २०१३ मध्ये, तो लागू झाला १ जानेवारी २०१४ पासून.

वटहुकूम म्हणजे काय?
संसदेचं अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली, तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपती वटहुकूम काढतात. त्याला कायद्याइतकाच जोर असतो, पण मुदत थोडी. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संसदेने मंजुरी दिली नाही, तर तो संपतो.

जमिनीचं काय झालं?
२०१३ च्या कायद्यानुसार खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकार-खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के. डिसेंबर २०१४ च्या शेवटी केंद्राने वटहुकूम काढून औद्योगिक कॉरिडॉरसह पाच प्रकारच्या प्रकल्पांना या अटीतून सूट दिली. मार्च २०१५ मध्ये त्याचं विधेयक लोकसभेत मंजूरही झालं. पण राज्यसभेत सरकारचं बहुमत नव्हतं. वटहुकूम आणखी दोनदा काढावा लागला, विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. शेवटी ३१ ऑगस्ट २०१५ ला वटहुकूम संपला आणि केंद्राच्या कायद्यातली संमतीची अट जशीच्या तशी राहिली.

म्हणून पुढच्या वेळी "कायदा आला" असा मेसेज आला, तर चार गोष्टी विचारा. दोन्ही सभागृहांत मंजूर झालं का? राष्ट्रपतींची सही झाली का? राजपत्रात आलं का? लागू कधीपासून? विधेयक अजून समितीकडे असेल तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. समित्या अनेकदा लोकांकडून लेखी सूचना मागवतात. आपलं म्हणणं मांडायची खरी वेळ तीच.