दुष्काळी गावचा नावाडी

धुळ्याहून नाशिकला एस.टी.नं जाताना मालेगावनंतर चांदवड लागतं. रेणुकामातेच्या दर्शनाला तुमच्यापैकी किती तरी जणी तिथं उतरल्या असतील. त्याच तालुक्यात तळेगाव रोही नावाचं गाव आहे. सगळा दुष्काळी मुलूख. अशा गावचा एक मुलगा नाव वल्हवत ऑलिम्पिकला गेला. त्याचं नाव दत्तू बबन भोकनळ. आज त्याचीच गोष्ट सांगते.

दत्तूचा जन्म १९९१ चा. वडील विहिरी खोदायचे. शाळेत असल्यापासून दत्तूही त्यांच्या हाताखाली कामाला जायचा. पुढं रात्री पेट्रोल पंपावर काम आणि दिवसा शिक्षण, असंही केलं. २०११ मध्ये वडील गेले. घरात तोच थोरला. दुसऱ्या वर्षी, २०१२ मध्ये, तो सैन्यात भरती झाला. खेळाचं वेड नव्हतं, घराला पगार हवा होता.

सैन्यात त्याची उंची आणि अंगातली ताकद अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत भरली. पुण्याला सैन्याचं रोइंगचं, म्हणजे नाव वल्हवण्याच्या शर्यतीचं, प्रशिक्षण चालतं. तिथं त्याला घातलं. विहिरी खोदणाऱ्या या गड्याला सुरुवातीला पाण्याचीच भीती वाटायची.

ही नाव आपल्या तापीतल्या होडीसारखी नसते. लांबलचक, अगदी अरुंद आणि इतकी हलकी, की नवखा बसला तर कलंडतेच. बसायची पाटी मागं-पुढं सरकते. पायांनी रेटायचं, पाठीनं ओढायचं आणि दोन्ही हातांतली वल्ही एकदम मारायची. शर्यत २,००० मीटरची. गंमत म्हणजे खेळाडू पाठमोरा बसतो. कुठून निघालो ते त्याला दिसतं. पोहोचायचं कुठं, ते पाठीमागं असतं.

वल्हं हातात घेतल्यावर तीनच वर्षांनी, २०१५ मध्ये, दत्तूनं आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. २०१६ मध्ये दक्षिण कोरियात तो रिओ ऑलिम्पिकसाठी पात्र ठरला. त्याच दिवसांत त्याच्या आईच्या डोक्याला जबर मार लागला होता. लेक ऑलिम्पिकला निघालाय, हे समजण्याच्या अवस्थेतही ती नव्हती. ते दुःख पोटात ठेवून तो रिओला गेला. भारताकडून रोइंगमध्ये तो एकटाच होता. ३२ जणांत त्याचा १३ वा नंबर आला. पदक नाही मिळालं, पण चार वर्षांपूर्वी ज्यानं वल्हं धरलंही नव्हतं, त्याचा हा नंबर आहे.

२०१८ च्या आशियाई खेळांत एकट्याच्या शर्यतीत तब्येत बिघडून तो मध्येच थांबला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत बसून त्यानं भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. तरीही त्या थांबण्याबद्दल २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. पुढच्या वर्षी ती मागं घेतली गेली आणि त्याच वर्षी, २०२० मध्ये, त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आता दुसरी गोष्ट, दूरदेशीची. जर्मनीत बिरगिट फिशर नावाची बाई आहे. तिचा खेळ कयाक. तीही अरुंद नावच, पण त्यात तोंड पुढं करून बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं मारतात. बिरगिटनं लहानपणीच, वयाच्या सहाव्या वर्षी, वल्हं हातात घेतलं. गावात पाणी होतं, नावा होत्या, शिकवणारे होते. १९८० मध्ये, १८ व्या वर्षी, तिनं ऑलिम्पिकचं पहिलं सुवर्ण जिंकलं. पुढं दोन मुलं झाली. बाळंतपणं झाली तशी ती पुन्हा नावेत बसली. २००४ मध्ये, ४२ व्या वर्षी, तिनं आठवं सुवर्ण घेतलं. तीही एके काळी तिच्या देशाच्या सैन्यात होती, मेजर होती.

इथं मी जरा थांबते. दत्तूला नावेपर्यंत सैन्यानं नेलं. पण २०१२ मध्ये आपल्याकडं मुलींना जवान म्हणून भरती होता येत नव्हतं. ते दार पहिल्यांदा २०१९ मध्ये उघडलं, तेही फक्त लष्करी पोलिसांत. म्हणजे तळेगाव रोहीत दत्तूइतकीच उंच, त्याच्याइतकीच दणकट एखादी मुलगी असती, तर ती नावेपर्यंत पोहोचली असती का? आपल्या लेकी डोक्यावर एक अन् कमरेवर एक हंडा घेऊन वाट तुडवतात. ती ताकद पाणी आणण्यातच संपते. तिच्याकडं कुणी खेळाडू म्हणून पाहत नाही.

पाणी आपल्याकडंही आहे. तापीवर हतनूरचं धरण आहे, गिरणा धरण आहे. वर्षातले काही महिने तिथं भरपूर पाणी असतं. तर येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की एक प्रश्न घ्या : आपल्या गावातल्या कोणत्या मुलीत ही ताकद आहे? तिचं नाव शाळेतल्या खेळाच्या सरांना सांगा, तालुक्याच्या स्पर्धेला तिला घेऊन जा. दत्तूची ताकद कुणाच्या तरी नजरेस पडली, म्हणून पुढचं सगळं घडलं. आपल्या लेकीकडं तशा नजरेनं आधी आपणच पाहू या.