टचस्क्रीनवरील टंकलेखन (अंधांचे)

नजरेची मदत न घेता, गुळगुळीत काचेवर बोट फिरवून आणि फोनचा आवाज ऐकून मजकूर लिहिण्याची रीत. बोटाखाली कोणती कळ आहे हे स्क्रीनरीडर हा प्रोग्राम बोलून सांगतो. अँड्रॉइड फोनमध्ये त्याचे नाव टॉकबॅक, तर आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. काचेचा गुळगुळीतपणा ही अडचण सर्व भाषांना सारखीच आहे. मराठी लिहिणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते. ऱ्हस्व-दीर्घ आपण डोळ्याने ओळखायला शिकलेलो असतो, आणि इथे तर सगळा कारभार कानाचा.

बटणांच्या फोनवर पाचाच्या कळीवर एक उंचवटा असे. संगणकाच्या इंग्रजी कीबोर्डवर तो ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर असतो. तेवढ्या खुणेवर बोट ठेवले की बाकीच्या कळा आपोआप सापडत. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनने ही खूण पुसून टाकली आणि तेव्हा त्याच्यात स्क्रीनरीडरही नव्हता. तो २००९ मध्ये, आयफोन ३ जीएसबरोबर आला. त्याच वर्षी अँड्रॉइडच्या १.६ या आवृत्तीत टॉकबॅक आले.

अँड्रॉइडच्या बाजूने झालेल्या या कामात पुण्याचा एक धागा आहे. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. काचबिंदूने चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणित आणि मुंबईच्या आयआयटीतून पुढचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले, आणि २००५ पासून गूगलमध्ये आहेत. तिथे त्यांनी सहकाऱ्यांसह नजरेशिवाय फोन वापरण्याचा प्रकल्प चालवला. त्यातली नंबर फिरवण्याची युक्ती अजूनही सांगण्यासारखी आहे. काचेवर पाचाची कळ शोधत बसायचे नाही; बोट जिथे पहिल्यांदा टेकेल तोच पाच. तिथून वर सरकले की दोन, डावीकडे चार, खाली आठ. हरवलेला उंचवटा त्यांनी फोनवरून काढून वापरणाऱ्याच्या बोटाखाली आणून ठेवला. पुढे फोन बनवणाऱ्यांनी हा मार्ग सर्वत्र धरला नाही. २०११ च्या अँड्रॉइड ४.० पासून बोट फिरवत पडदा चाचपण्याची पद्धत रूढ झाली आणि कळा आपल्या जागी ठाम राहिल्या.

या पद्धतीत नुसत्या स्पर्शाने अक्षर उमटत नाही, फक्त त्याचे नाव ऐकू येते. अक्षर उमटवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत हवी ती कळ सापडली की पडद्यावर कुठेही दोनदा टिचकी मारायची. दुसरीत काचेवरून बोट न उचलता सरकत जायचे आणि हवे ते नाव ऐकू येताच बोट उचलायचे. पहिली सावकाश पण खात्रीची, म्हणून शिकाऊ माणसाला तीच बरी. दुसरी हातात बसली की पहिलीकडे कोणी फारसे परत जात नाही. उंचवट्याची जागा इथे फोनची कड घेते. कीबोर्ड पडद्याच्या खालच्या भागात असतो, त्यामुळे खालच्या कडेवर अंगठा टेकवला की स्पेसबार जवळच सापडतो आणि तिथून वरच्या ओळी मोजता येतात. काही जण काचेवर लहानसे उठावदार स्टिकर लावतात. पण कीबोर्ड बदलला की त्याच्या ओळी सरकतात आणि स्टिकर मात्र जुन्याच जागी राहतो.

मराठीचा खरा कस लागतो तो पत्ता लिहिताना. उदाहरणासाठी नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे, केळीच्या बागांचे गाव घेऊ : मु. पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली. ‘डोंगरकडा’ला आठ कळा लागतात : ड, ओकार, अनुस्वार, ग, र, क, ड, काना. जोडाक्षर नाही, वेलांटी नाही. शिकाऊ माणसाने पहिल्या दिवशी लिहावे असे हे नाव आहे. ‘हिंगोली’ला सात कळा पुरतात, पण त्यात एक गंमत आहे. डोळ्याने वाचणाऱ्याला पहिली वेलांटी ‘ह’च्या आधी दिसते. पाटीवर लिहिताना तिची रेघ आधी काढणारे लोक आहेत, आणि जुन्या टंकयंत्रांवर ती आधीच उमटवावी लागे. फोनमध्ये मात्र आधी ‘ह’ आणि मग वेलांटी, म्हणजे जसा उच्चार तसा क्रम. डोळस माणूस इथे सुरुवातीला अडखळतो. जन्मापासून अंध माणसाला अडायचे कारणच नसते, कारण वेलांटी डावीकडे काढतात हे त्याच्या हाताला कोणी शिकवलेलेच नसते.

पण त्याच शब्दाच्या शेवटी त्याची अडचण उभी राहते. ‘ली’ पहिली की दुसरी, हे बोलून दाखवलेल्या शब्दावरून नीट कळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ फोनच्या आवाजात जवळजवळ सारखेच ऐकू येतात. मग मागे येऊन शब्द अक्षर-अक्षर वाचून घ्यावा लागतो. इथे डोळ्याची जागा नियम घेतात. मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी दुसरी, हे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांत आहे. त्यावर ‘हिंगोली’ही सुटते आणि ‘कळमनुरी’ही. ‘जि.’ला हा नियम लावायचा नाही, कारण ते अर्धे तोडलेले ‘जिल्हा’ आहे. ‘शुद्धलेखनाचे नियम कशाला हवेत, वाचून वाचून येतेच की’ असे म्हणणाऱ्याने हा पत्ता एकदा डोळे मिटून लिहून पाहावा.

कीबोर्ड निवडताना सोय आणि सवय यांची ओढाताण होते. १९८६ साली प्रमाण ठरलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजने असतात. प्रत्येक कळ कायम आपल्या जागी असल्याने ती बोटांच्या लक्षात राहते, पण फोनच्या अरुंद पडद्यावर कळा बारीक आणि दाटीवाटीच्या होतात. काही मराठी कीबोर्डांत व्यंजन दाबताच वरची ओळ बदलते आणि स्वरांच्या जागी त्या व्यंजनाची बाराखडी येते. डोळसाला ही सोय वाटते. चाचपत जाणाऱ्याला मात्र ज्या कळीचे नाव आत्ताच ऐकले तीच पुढच्या खेपेला दुसरे नाव सांगते. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवण्याची तऱ्हा इंग्रजी कीबोर्ड आधी शिकलेल्यांना सोपी जाते. मात्र फोन जे पर्याय पुढे करतो त्यांत सारख्या उच्चाराचे दोन शब्द आले की तोच ऱ्हस्व-दीर्घाचा पेच पुन्हा समोर येतो.

ब्रेल येणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता आहे. आयफोनवर २०१४ च्या आयओएस ८ पासून आणि टॉकबॅकमध्ये २०२० पासून पडद्यालाच सहा टिंबांचा ब्रेल कीबोर्ड बनवता येतो. फोन आडवा, पडदा बाहेरच्या बाजूला, आणि मागून दोन्ही हातांची तीन-तीन बोटे काचेवर. ज्याने पाटी-कलमावर उजवीकडून डावीकडे, उलटी टिंबे टोचत ब्रेल गिरवले आहे, त्याला इथे उलटे काही करावे लागत नाही. टॉकबॅकची ही सोय आधी इंग्रजीपुरती होती; भाषा टप्प्याटप्प्याने वाढल्या. मराठीचे ब्रेल हे १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलचा भाग आहे. त्यात क म्हणजे टिंबे १-३, ग म्हणजे १-२-४-५, आणि मराठीला हटकून लागणारा ळ म्हणजे ४-५-६. याच लिपीत स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी पाक्षिक सुरू केले.

ब्रेलकडून साध्या कीबोर्डकडे येणाऱ्याची एक चूक इतकी ठरलेली आहे की तिची वेगळी नोंद हवी. ब्रेलमध्ये पाय मोडण्याची खूण, म्हणजे चौथे टिंब, अक्षराच्या आधी येते. फोनच्या कीबोर्डवर ती अक्षरानंतर येते. ब्रेलच्या क्रमाने ‘पत्ता’ लिहिला की ‘त’ऐवजी ‘प’चा पाय मोडतो आणि हाती येते ‘प्तता’. शब्द फोनने बोलून दाखवला की चूक लगेच कानाला खटकते. लांब वाक्यात आवाजाचा वेग वाढवलेला असेल तर मात्र ती निसटून जाते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांची गोष्ट याहून नाजूक आहे. पहिल्यासाठी ‘ऱ’ ही वेगळी कळ शोधावी लागते. ती अनेकदा ‘र’ दाबून धरल्यावर किंवा शिफ्टमागे सापडते. तिचे नाव न ऐकता कोणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

बोलून लिहिण्याची सोय गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसाठी आणली. नातेवाइकांना निरोप धाडायला ती पुरेशी आहे आणि अनेक जण त्यावरच थांबतात. पण अर्ज, नावे आणि पत्ते यांत ती दगा देते, कारण विशेषनाम चुकीचे पडले तर दुरुस्त करायला शेवटी कीबोर्डच लागतो. ‘काय करायलाव’ असे विचारणाऱ्या मराठवाडी बोलीपेक्षा तिला प्रमाण मराठी अधिक मानवते. शिवाय भरल्या एसटीत आपला मजकूर मोठ्याने सांगणे कोणालाच नको असते.

पासवर्ड आणि पिन यांची तऱ्हा याच्या उलट आहे. तिथे कळांची नावे मोठ्याने वाचली गेली तर शेजारचाही ती ऐकतो, आणि नाही वाचली तर लिहिणाऱ्यालाच काही कळत नाही. इयरफोन हा त्यावरचा चालता उपाय. त्यातही रस्त्यावर एक कान मोकळा ठेवावा लागतो. ओळख पटवण्यासाठी अक्षरचित्र ओळखा, सेल्फी काढा, डोळे मिचकावा अशा अटी आल्या की टंकलेखन कितीही चांगले असले तरी काम अडते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि ओळख पडताळणीची ही पद्धत बदलण्यासाठी २० निर्देश दिले. त्या प्रकरणातला एक अर्जदार दृष्टिहीन वकील होता.